आत्यांच्या शेजारची सीट

माझ्या चहाच्या कपाशेजारी व्हॅनची किल्ली ठेवून आत्या म्हणाल्या, "मला गाडी शिकीव."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरी सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. आत्यांचं वय तेव्हा छप्पन्न होतं. शिक्षण सातवीपर्यंत. जन्म पुण्याजवळच्या मोशीतला, आणि लग्न होऊन आल्या त्याही मोशीतच, चार आळ्या ओलांडून. अकरा वर्षांपासून गल्लीतल्या चार बायकांना सोबत घेऊन त्या भाकरीचं काम करत होत्या. रोज तीनशे भाकरी पत्र्याच्या डब्यांत भरून चाकणकडच्या, एकाच आवारातल्या दोन कंपन्यांच्या कॅन्टीनला जात, आणि नेणारे होते मामा. साडेदहाला व्हॅन निघाली की बारापर्यंत भाकरी ताटात पडलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

त्या वर्षी मामांना काचबिंदूनं गाठलं. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गाडी आजपासून बंद. मग एक ड्रायव्हर ठेवला. तीन आठवडे तो वेळेवर आला आणि एका मंगळवारी आलाच नाही. फोन बंद. मी शाळेत, नवरा कंपनीत पहिल्या शिफ्टला. तीनशे भाकरी ओसरीवर तशाच राहिल्या. पाच बायका त्यांच्याभोवती बसून होत्या, असं मला संध्याकाळी मामांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती किल्ली माझ्यासमोर आली.

"आत्या, दुसरा ड्रायव्हर बघू ना," मी म्हणाले.

"दुसऱ्याला बी फोन बंद करता येतोय," त्या म्हणाल्या. "मला न्हाई बंद करायचा."

घरात गाडी चालवता येणारं माणूस म्हणून नवऱ्यानंतर मीच होते. मी मूळची रहाटणीची, वडील कारकून, घरी स्कूटरच्या पलीकडे काही नव्हतं. लग्नानंतर नवऱ्यानं मला स्पाइन रोडवर गाडी शिकवली, म्हणजे तो ओरडला आणि मी रडले. लायसन्स मिळालं, पण भीती जायला पुढं चार वर्षं लागली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, शाळा साडेदहाला भरते, त्यामुळं सकाळ मोकळी असते, पण भाकरी पोचवायच्या वेळेला मी वर्गात असते. म्हणून मी स्वतः व्हॅन नेणं शक्य नव्हतं. शिकवणं मात्र शक्य होतं. मनात म्हटलं, शिकवणं हा तर आपला धंदाच आहे. मी ओरडणार नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "आई? नाशिक रोडला? कंटेनरच्या गर्दीतून?" मग त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू आवरून म्हणाला, "एल बोर्ड मी आणतो."

मामा म्हणाले, "हिला सायकल बी येत न्हाई."

ते खरंच होतं. आत्यांनी आयुष्यात चाक म्हणून कधी हातात धरलं नव्हतं.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. मी त्यांना खुणांची पुस्तिका आणून दिली. भाकरी भाजता भाजता त्या ती चुलीपासून हातभर लांब उघडी ठेवत आणि पीठ लागलेल्या बोटानं पानं उलटत. त्यांना एकेका पाटीचा भारी राग यायचा. "शाळा पुढे आहे, हळू चालवा. ही पाटी तुझ्या शाळेम्होरं कुठं हाय? म्या तर बघितली न्हाई." परीक्षेत त्यांचं एकच उत्तर चुकलं आणि त्या एका उत्तरावरून त्या परत येईपर्यंत माझ्याशी भांडत होत्या.

लायसन्ससोबतचे नियम त्यांनी मला दोनदा वाचायला लावले. शिकणाऱ्याच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस हवं. त्यानं गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी बसायला हवं. पुढं-मागं लाल एल हवा.

"म्हंजे तू नसलीस तर म्या चालवायची न्हाई," आत्या म्हणाल्या.

"बरोबर."

"आणि तू असलीस तर येळ पडली की थांबवायचं काम तुझं. चालवायचं काम माझं."

मी मान हलवली. एवढं सोपं वाक्य आपल्याला कळलं नाही, असं वाटायचं काहीच कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी व्हॅन प्राधिकरणाच्या नव्या वसाहतीतल्या एका रुंद, रिकाम्या रस्त्यावर नेली. दोन्ही बाजूंना प्लॉटची कुंपणं, माणूस नाही, काणूस नाही. आम्ही जागा बदलल्या. आत्यांनी नऊवारीचा काचा घट्ट मारला होता आणि पायात माझे स्पोर्ट शूज घातले होते, दोघींचं माप एकच. सात वेळा गाडी बंद पडली. आठव्यांदा ती हलली. त्या आनंदानं माझ्याकडं बघायला लागल्या आणि माझं तोंड सुटलं.

"समोर बघा. क्लच हळू. रेस द्या. जास्त नको. आरशात बघा. डावीकडं ठेवा. इंडिकेटर कशाला लावलात?"

तेवढ्यात एक कुत्रं कुंपणातून बाहेर आलं. चांगलं लांब होतं. मी किंचाळले, "ब्रेक! ब्रेक! ब्रेक!"

गाडी गचका खाऊन थांबली. आत्यांनी हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, ती माझ्या मांडीवर ठेवली, दार उघडलं आणि घराच्या दिशेनं चालायला लागल्या.

मी धावत पलीकडं जाऊन गाडी सुरू केली आणि त्यांच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, खिडकी उघडी ठेवून त्यांच्या बाजूनं चालवत राहिले. "आत्या, बसा ना." त्यांनी पदर खोचला. "आत्या, चुकलं माझं." दूधवाला मोटरसायकल थांबवून बघत राहिला. जवळजवळ दीड किलोमीटर आम्ही तशा आलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "वर्गात बी अशीच वरडतीस का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण कधीकधी ओरडते.

घरी चहा पिताना त्यांनी मला सांगितलं की त्यांना कसं शिकवायचं. "येका येळला येक सांगायचं. आदी सांगायचं, मागनं न्हाई. डावीकडं वळायचं आसंल तर वळण यायच्या आत सांग, वळण गेल्यावर काय उपेग? आणि ब्रेक म्हण येकदा. येकदा म्हणलं की कळतं. तीनदा म्हणलं की पाय इसरतो."

मला डी.एड.ला दोन वर्षं जे शिकवलं होतं, त्यातलं बरंचसं त्या चहाच्या कपात मावलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बदलायला लागले. "पुढच्या खांबापाशी थांबायचंय," एवढंच म्हणायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसणं फार अवघड होतं. शब्द नाही निघाला तरी माझ्या तोंडातून 'स्स्' असा आवाज निघायचा. उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. एकदा आत्या समोर बघतच म्हणाल्या, "तिथं ब्रेक न्हाई. कशाला पाय दुखवून घेतीस?" मग मी मांडीवर पर्स घेऊन दोन्ही हातांनी ती आवळून बसायला लागले. एक हात मात्र नियमाप्रमाणं हँडब्रेकपाशी. त्यावर त्यांचा आक्षेप होता.

"माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"आहे. पण थांबवता आलं पाहिजे असं लिहिलंय, आत्या."

"मग आसू दे हात. पर नुसता ठेव."

दुसऱ्या आठवड्यात मामा हट्ट धरून मागच्या सीटवर येऊन बसले. त्यांना दिसत फारसं नव्हतं, पण पस्तीस वर्षं गाडी चालवलेले कान होते. "दुसरा टाक. अगं, दुसरा! इंजान रडाय लागलं." मी म्हणायचे, "आत्या, डावीकडे घ्या," ते म्हणायचे, "वाढीव, वाढीव." आत्यांनी गाडी बाजूला घेतली. "येकच मास्तर ठेवा. ही तरी, न्हाईतर तुमी तरी." मामांकडं लायसन्स चालू नव्हतं, म्हणजे निर्णय होऊन गेला. त्यांना घरी सोडलं. दोन दिवस ते आम्हा दोघींशी बोलले नाहीत.

पण गंमत अशी की चढावर गाडी मागं न जाऊ देता उचलणं मला काही केल्या समजावून सांगता येईना. मी फळ्यावर आकृती काढल्यासारखी हातानं दाखवायचे, क्लच इतका वर, मग इतका. आत्यांची गाडी मागं सरायचीच. शेवटी मीच मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही सांगता का?" त्यांनी थोडा वेळ ऐकूच न आल्यासारखं केलं. मग उठून अंगणात आले. व्हॅन जागेवर उभी, इंजिन चालू, मी शेजारी. मामा खिडकीला हात टेकवून उभे राहिले.

"बघू नको कुठं. डोळं मीट. आता क्लच सोड हळूहळू. ऐक. आवाज दबला का? जड झाला का? तिथंच धर पाय. आता ही गाडी कुठं जात न्हाई."

आत्यांच्या कपाळावरची आठी गेली. दहा मिनिटांत त्यांना ते आलं. दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर त्यांनी गाडी थांबवली आणि तसूभरही मागं न जाता उचलली. त्या दिवसापासून मामांना अंगणातली मास्तरकी मिळाली. रस्त्यावरची माझी.

आणि मग मी ती जवळजवळ घालवली.

तिसरा आठवडा होता. दिघीच्या बाजूच्या एका रस्त्यावर सकाळी वर्दळ कमी असते म्हणून आम्ही तिकडं गेलो होतो. आत्या छान चालवत होत्या, तिसऱ्या गिअरमध्ये, आपल्या रेघेत. मागून एक बस आली आणि आम्हाला ओलांडून जायला लागली. तिची लांबच लांब बाजू आमच्या खिडकीजवळून सरकायला लागली. मी काही बोलले नाही. मी त्यापेक्षा वाईट केलं. हात पुढं घालून स्टिअरिंग धरलं आणि डावीकडं ओढलं.

रस्त्याकडेच्या दगडी कठड्याला व्हॅन घासली. पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. डावा आरसा तुटून लोंबायला लागला. आत्यांनी गाडी थांबवली. बस केव्हाच निघून गेली होती, तिच्या आणि आमच्यामध्ये चांगली तीन हात जागा होती. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. गाडी सुरू केली आणि घरापर्यंत त्यांनीच आणली, न चुकता.

अंगणात मामा आले. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत. बोटांनीच त्यांनी तो ओरखडा वाचला. मग म्हणाले, "बास. झालं शिकून. माणूस वाचलं, आता पुरे."

आत्या आत गेल्या आणि पीठ मळायला बसल्या. मी तिथंच उभी होते. सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आंघोळ केली, डबा भरला, शाळेत गेले. दिवसभर मुलांची गणितं तपासताना मी स्वतःला समजावत होते की संध्याकाळी सांगू, आत्ता गडबड आहे. खरं कारण वेगळं होतं. लायसन्स माझं होतं, शिकवणारी मी होते, आणि चूक माझी होती. शिवाय मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं की हे आता इथंच थांबलं तर बरं, मला रोज सकाळी पर्स आवळून बसावं लागणार नाही. हे लिहायला आजही लाज वाटते.

रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला, "आई, राहू दे आता. तू प्रयत्न केलास. काही झालं असतं म्हणजे?" आत्यांनी त्याला भाकरी वाढली. माझ्याकडं बघितलंही नाही.

"स्टिअरिंग मी ओढलं," मी म्हणाले.

मामांनी मान वर केली.

"मामा, आत्या सरळ चालवत होत्या. बसला भरपूर जागा होती. मी घाबरले आणि मी ओढलं. गाडी माझ्यामुळं घासली."

मामांचा हात ताटावर तसाच राहिला. नवरा माझ्याकडं बघत राहिला. आत्या म्हणाल्या, "त्याला भाजी वाढ."

नंतर ओट्यापाशी मी त्यांना विचारलं, "सकाळीच तुम्ही का नाही सांगितलंत?"

"म्या सांगून कोण ऐकणार व्हतं? शिकणाऱ्याचीच चूक धरत्यात समदी. म्या म्हणलं आसतं, हिनं ओढलं, तर म्हणलं आसतं, बघा, आता सुनंवर ढकलती." त्यांनी तवा पुसून ठेवला. "तू सांगणार, ह्ये मला म्हाईत व्हतं. फक्त कवा, त्ये म्हाईत न्हवतं."

सकाळी सहाला किल्ली पुन्हा कपाशेजारी होती.

डावा आरसा मी नवा बसवून घेतला, आणि त्यानंतर मी स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. त्या शेजारच्या सीटवर बसून मला कळलं की मी गाडी सांभाळत नव्हते, माझी भीती सांभाळत होते, आणि ती त्यांच्या डोक्यावर ठेवत होते. रोज निघायच्या आधी मी पाच मिनिटं अंगणात उभी राहून लांब श्वास घ्यायला लागले. आत्यांना वाटायचं मी योगासनं करते. आणि मी जसजशी शांत झाले तसतशा त्या वेगानं शिकल्या. आधी स्पाइन रोड, मग रविवारी पहाटेचा नाशिक रोड, मग इंद्रायणीचा पूल ओलांडून चिंबळी फाट्यापर्यंत, मग तोच रस्ता सोमवारी आठ वाजता, जेव्हा कंपन्यांच्या बस आणि ट्रेलर एकमेकांच्या अंगावर येतात. एका ट्रेलरच्या मागं त्या चार मिनिटं शांतपणे चालवत राहिल्या. मी विचारलं, "ओव्हरटेक नाही करायचं?" त्या म्हणाल्या, "त्याला म्होरचं दिसतंय, मला न्हाई दिसत. जाऊ दे त्याला." मला स्वतःला हे शहाणपण यायला चार वर्षं लागली होती.

राहिलं होतं रिव्हर्स. परीक्षेत खांबांमधून गाडी मागं घ्यावी लागते. आम्ही घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर पिठाचे रिकामे डबे मांडले. पहिल्या दिवशी आत्यांनी सहा डबे चेपले. दुसऱ्या दिवशी चार. डबा पडला की त्या म्हणायच्या, "पडू दे, डबाच हाय," आणि तीच चूक पुन्हा करायच्या.

हे भाकरीवाल्या चौघी कुंपणावरून रोज बघत होत्या. एक दिवस त्यांच्यातली सगळ्यात थोरली, आत्यांपेक्षाही दोन वर्षांनी मोठी, हातात झाडू घेऊन आत आली. "डब्याचं तुला काय वाटत न्हाई. आमी हुबं राहतो." मी नाही म्हटलं. जीव गेला तरी नाही म्हटलं. मग मध्यममार्ग निघाला. चौघी चार कोपऱ्यांवर उभ्या राहिल्या, चांगल्या दूर, आणि हात लांब करून झाडू उभे धरले. खांब झाडूचे, पण झाडू ओळखीच्या बायकांच्या हातातले. मी हँडब्रेकवर हात ठेवून बसले.

आत्यांनी आरशात बघितलं. पहिल्यांदाच त्या मान मागं न वळवता आरशावर विसंबल्या. गाडी मुंगीच्या पावलानं मागं जायला लागली. डाव्या आरशात एकीनं डोळे घट्ट मिटलेले दिसत होते. उजव्या आरशात दुसरी ओठ हलवत होती, बहुतेक देवाचं नाव घेत होती. व्हॅन वळली, सरळ झाली, दोन झाडूंच्या मधून मागं गेली आणि थांबली. एकही झाडू हलला नाही.

चौघींनी असा गलका केला की प्लॉटमागच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. आत्या खाली उतरल्या आणि त्यांनी काय करावं? पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "आणिक येकदा." त्या संध्याकाळी त्यांनी अकरा वेळा गाडी मागं घेतली. अकरा वेळा झाडू उभेच राहिले.

परीक्षेच्या दिवशी ट्रॅकच्या जाळीबाहेर मी उभी होते, आत जायची मला परवानगी नव्हती. रांगेत बहुतेक पंचविशीतली पोरं, कानात इयरफोन, गॉगल. नऊवारीतली एकच. पुढचे दोघे इंग्रजी आठच्या आकाराच्या वळणांवरच चुकले, तिसऱ्यानं रिव्हर्समध्ये खांब पाडला. मग व्हॅन आली. आठ झाला. सावकाश, पण एकदाही न थांबता झाला. चढावर गाडी थांबली, आणि मला जाळीबाहेरूनसुद्धा इंजिन दबल्याचा आवाज ऐकू आला, आणि ती पुढं गेली. मग रिव्हर्स. मी जाळीत बोटं अडकवून उभी होते. ती बोटं नंतर किती वेळ लाल होती.

उतरल्यावर परीक्षा घेणारे गृहस्थ त्यांच्याकडं आले. "काकू, कुठल्या क्लासला शिकलात?"

आत्यांनी माझ्याकडं बोट केलं. "त्यो बघा माझा क्लास. पर्स आवळून हुबा हाय."

ते मोठ्यानं हसले आणि फॉर्मवर सही केली. मला रडू आलं, आणि या वेळी ते स्पाइन रोडवरच्या रडण्यासारखं नव्हतं.

लायसन्स घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाल्या, "आज भाकरी म्या नेणार." मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. नियमानं आता माझी गरज नव्हती. आत्या म्हणाल्या, "येतीस तर ये. पर बोलायचं न्हाई."

साडेदहाला निघालो. मागं तीनशे भाकरींचा गरम वास. पूल, चिंबळी फाटा, मग कुरुळीच्या पुढं कंपनीकडं जाणारा आतला रस्ता. त्या अरुंद रस्त्यावर एक कंटेनर वळताना आडवा अडकला होता. पुढं जायला जागा नाही. आमच्या मागं टेम्पो, रिक्षा, दुचाक्या येऊन थांबायला लागल्या, सगळे हॉर्न वाजवत. घड्याळात सव्वाअकरा. कंपनीच्या मागच्या गेटकडं जाणारा दुसरा रस्ता होता, पण त्याचा फाटा आम्ही दोनशे मीटर मागं सोडून आलो होतो.

मी पर्स आवळली. बोलले नाही.

आत्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागच्या दुचाकीवाल्याला हाक दिली, "ए दादा, जरा मागं व्हा की! मला रिव्हर्स घ्यायचीय. मागच्या गेटानं जाऊ समदी!" त्यानं आधी नऊवारीकडं, मग व्हॅनकडं बघितलं. मग खाली उतरून त्यानं स्वतःच मागच्यांना हात करायला सुरुवात केली. एकेक करून मागची रांग सरकली. आत्या आरशात बघत, दोनशे मीटर, एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला उभे ट्रक, व्हॅन मागं घेत गेल्या. फाट्यापाशी त्यांनी वळवली, पहिला टाकला, दुसरा टाकला. अडकलेल्या कंटेनरचा ड्रायव्हर रस्त्यावर उभा होता, त्यानं लांबून दोन्ही हात वर करून सलाम ठोकला.

"आता बोलू का?" मी विचारलं.

"पोचल्यावर."

मागच्या गेटवर वॉचमननं वही पुढं केली. गाडी नंबर, माल, वेळ, ड्रायव्हरचं नाव. त्याची नजर माझ्यावर होती. आत्यांनी त्याच्या हातातून पेन घेतलं. ड्रायव्हरच्या रकान्यात त्यांनी सातवीतल्या अक्षरात स्वतःचं नाव, मामांचं नाव आणि आडनाव, तिन्ही पूर्ण लिहिली. रकाना पुरला नाही, आडनाव पुढच्या रकान्यात गेलं. वॉचमननं वही वाचली, त्यांच्याकडं बघितलं आणि फाटक उघडलं. बाराला दहा कमी होते.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या गेल्या. मी वर्गात हजेरी घेत होते आणि दोन मुलांची नावं दोनदा पुकारली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं, त्यामुळं फोन करण्यात अर्थ नव्हता. दीड वाजता मामांचा फोन आला. "आली," एवढंच म्हणाले आणि ठेवला. मी मुलांना म्हटलं, आज गणित नाही, गोष्ट. मुलांनी बाकं वाजवली.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या कंपनीचं काम आलं आणि भाकरी साडेचारशेवर गेल्या.

एका रविवारी सकाळी अंगणात गडबड चालली होती. चौघीजणी इस्त्रीची लुगडी नेसून, डोक्यात गजरे माळून आल्या होत्या. निमगावच्या खंडोबाला जायचं ठरलं होतं. मामा पुढच्या सीटवर, चौघी मागं. मीही घाईनं साडी नेसून, पाण्याची बाटली घेऊन बाहेर आले आणि दाराशी उभी राहिले.

आत्यांनी गाडी सुरू केली होती. आरसा नीट केला, पट्टा लावला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू कुठं निघालीस? जागा न्हाई."

मागं चौघी हसायला लागल्या. मामा म्हणाले, "दुसरा टाक—" आणि आत्यांनी त्यांच्याकडं बघताच गप्प बसले. मग उजवा इंडिकेटर लागला, व्हॅन फाटकातून बाहेर पडली, आणि मी पाण्याची बाटली हातात घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले, ती नाशिक रोडच्या गर्दीत मिसळेपर्यंत बघत.